जमीन झाकणारे जिरॅनियम : पार्श्वभूमी

कुंडीत लालभडक गुच्छ धरणाऱ्या ज्या झाडाला लोक जिरॅनियम म्हणतात, ते खरे तर पेलार्गोनियम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दोन्ही एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, घातली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिये याने 1789 मध्ये पेलार्गोनियम वेगळे काढले, पण तोवर माळ्यांच्या तोंडी जुने नाव रुळले होते. घोळ नावापुरता असता तर सोडून देता आला असता. पेलार्गोनियम बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतले. जमीन गोठली की ते मरते. खरे जिरॅनियम जमिनीलगतच्या किंवा जमिनीखालच्या खोडावर हिवाळा काढते आणि वसंतात पुन्हा फुटते. तण दबावे म्हणून जमीन झाकायची तर हेच हवे. फूल हातात घेतले की ओळख पटते: जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या आणि पुंकेसर दहा; पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींहून वेगळ्या आणि पराग धरणारे पुंकेसर सात किंवा त्याहून कमी.

युरोपच्या बागांत आधी मान मिळाला तो मात्र परक्या पेलार्गोनियमला. ब्रिटनमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला, कोळशावर तापवलेली काचघरे वाढली, आणि बड्या बागांतून उन्हाळ्यापुरती रोपे वाफ्यात मांडायची, थंडी आली की उपटायची, पुढच्या वर्षी पुन्हा मांडायची, अशी चाल पडली. ही सगळी शोभा स्वस्त मजुरीच्या आणि स्वस्त कोळशाच्या जोरावर चालली. 1870 च्या सुमारास बागकामावर लिहिणारा विल्यम रॉबिन्सन तिच्याविरुद्ध उभा राहिला; एकदा लावले की आपल्या बळावर तगतील अशी बहुवर्षायू झाडे लावा, हा त्याचा आग्रह. तशी जिरॅनियम युरोपात घरचीच होती: कुरणातले निळे प्राटेन्से, कोरड्या उन्हातले किरमिजी सँग्विनियम, दाट सावलीतले काळपट जांभळे फीयम आणि बाल्कनच्या डोंगरांतले सुगंधी पानांचे मॅक्रोराइझम.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर वेल्समधल्या दोन बागांनी या प्रजातीला नवे रंग दिले. बक्स्टन यांच्या बागेत हिमालयातल्या वॉलिचियानमची पांढऱ्या डोळ्याची निळी निवड, म्हणजे वेचून जोपासलेला वाण, तयार झाली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथनिएल वॉलिच यांचे नाव त्या जातीला आहे. दुसरी बाग ए. टी. जॉन्सन यांची. त्यांनी पाठवलेल्या बियांतून हॉलंडमधल्या राउस यांच्या रोपवाटिकेत 1950 च्या आसपास ‘जॉन्सन्स ब्लू’ निघाले. देखणे खरे, पण आच्छादन म्हणून कच्चे: बहर ओसरला की दांडे आडवे पडतात, मध्ये भोक उरते आणि त्या भोकातून तण वर येते.

जमीन झाकणारी झाडे हा बागेचा वेगळा विभाग म्हणून पुढे आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. मजुरी महागली, बागा मात्र होत्या तेवढ्याच मोठ्या राहिल्या. ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस 1955 पासून नॅशनल ट्रस्ट या जुनी घरे आणि बागा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या बागांचे सल्लागार होते. थोड्या माळ्यांत मोठे आवार कसे सांभाळायचे, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. सॉमरसेटमधल्या ईस्ट लॅम्ब्रुकला मार्जरी फिश यांनी झाडांनीच जमीन झाकून हे आपल्या घरच्या बागेत करून दाखवले. यामागचे तत्त्व साधे आहे. बऱ्याचशा वार्षिक तणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो. पाने वसंतातच एकमेकांना भिडून सलग छत झाले की त्या बिया मातीतच पडून राहतात. म्हणून आच्छादनाची जात निवडताना फुलांआधी दोन गोष्टी पाहाव्यात: पाने किती लवकर येतात आणि खोड आडवे पसरते की नाही.

या कसोटीवर मॅक्रोराइझमच्या जवळपास दुसरे कोणी येत नाही. वॉल्टर इंगवर्सन यांनी 1929 मध्ये मॉन्टेनेग्रोतून आणलेली फिकट गुलाबी निवड अजूनही लावली जाते. उंची 30 ते 40 सेंटीमीटर, जाड खोडे मातीच्या पृष्ठभागालगत सरकतात, पाने हिवाळ्यातही बरीच टिकतात, आणि मोठ्या झाडाखालची कोरडी सावली, जिथे बाकीचे हात टेकतात, तिथेही ते जगते. लागवड 45 सेंटीमीटर अंतराने, म्हणजे चौरस मीटरला 5 रोपे. जुन्या झुडपाचे 8–10 सेंटीमीटरचे, टोकाला पानांचा झुबका असलेले तुकडे तोडून झुबक्यापर्यंत मातीत पुरले तरी मुळे धरतात; वसंताचा आरंभ किंवा शरद ऋतू याला बरा. उघडे राहिलेले खोड वाळते, ही नेहमीची चूक. पहिला उन्हाळाभर पाणी द्यावे लागते आणि मधल्या मोकळ्या जागेवर 5 सेंटीमीटर कुजलेला पालापाचोळा पसरावा लागतो, कारण छत सलग व्हायला साधारण दोन हंगाम जातात.

त्याआधीचे एक काम टाळता येत नाही. मुळांतून पसरणारी गवते आणि जमिनीखालून फिरणारे वेल यांना सावलीने फरक पडत नाही. ते जिरॅनियमच्या खोडांतूनच वर येतात, आणि मग काढायला गेले की दोन्ही उपटून निघतात. लागवडीपूर्वी ते समूळ काढावेत, शंका असली तर एक हंगाम जागा रिकामी ठेवावी.

मॅक्रोराइझम लहान बागेला जरा दांडगे पडते. त्यावर उतारा 1974 मध्ये केंब्रिजला मिळाला: हेलन कीफर यांनी त्याचा बुटक्या डॅलमॅटिकमशी संकर केला. क्रोएशियातल्या बियोकोवो डोंगरात हाच संकर आपोआप झालेला हान्स सिमोन यांना सापडला, तोच आजचा ‘बियोकोवो’. या कँटाब्रिजिएन्से संकराची उंची 15 ते 25 सेंटीमीटर, अंतर 30 सेंटीमीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 11 रोपे. खर्च दुप्पट, पण संकर बी धरत नाही, त्यामुळे नको तिथे रोपे उगवत नाहीत. वाफ्याच्या कडेला याहून नेटके आच्छादन मिळणे कठीण.

सर्वांत गाजलेले ‘रोझॅन’ मात्र वेगळ्या प्रकृतीचे आहे. 1989 मध्ये सॉमरसेटमधल्या वॉटरर दांपत्याच्या बागेत ते दिसले. हिमालयेन्से आणि वॉलिचियानम यांचा हा संकर 2000 साली बाजारात आला आणि 2013 मध्ये लंडनमधल्या चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीला शतकाचे झाड ठरला. तेही बी धरत नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून थंडी पडेपर्यंत फुलतच राहते. पण एका गड्ड्यातून निघून 60–90 सेंटीमीटर पसरणारे त्याचे दांडे वाटेत मुळे धरत नाहीत, आणि हिवाळ्यात सगळे पुन्हा गड्ड्यापाशी येते. वसंतात जमीन उघडी, तणाला रान मोकळे. आच्छादन म्हणून विकले जात असले तरी ते गुलाबांच्या मधल्या जागा भरायला घ्यावे. त्याच्या भरवशावर खुरपणी सोडू नये.

बिघाड ठरलेले आहेत. कोरड पडली की प्राटेन्सेच्या गोतावळ्यावर भुरी येते. बहरानंतर सगळे जमिनीलगत कापून भरपूर पाणी दिले की दोन-तीन आठवड्यांत स्वच्छ पाने येतात. नत्र जास्त झाले तर पाने माजतात, दांडे लोळतात. पानांच्या कडा खाचा पाडल्यासारख्या दिसल्या आणि रोप हाताने सहज उचलले गेले, तर खाली सोंडकिड्याच्या पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या मुळे खात असतात. चार-पाच वर्षांनी झुडूप मध्यभागी टकले पडते. कडेचे जोमदार तुकडे घेऊन पुन्हा लावावेत, मधला लाकडी भाग टाकावा. दमट उष्णतेत, जिथे रात्रीही गारवा नसतो, तिथे यांतल्या बहुतेक जाती कुजतात. तिथे दुसरे झाड शोधलेले बरे.

पसरण्याचा धोका मुख्यतः बियांतून येतो. शेंग पिकली की तिच्या पट्ट्या ताडकन वळतात आणि बी गोफणीतल्या गोट्यासारखे लांब जाते. रॉबर्टियानम आणि लुसिडम ही दोन्ही जिरॅनियम अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात उपद्रवी तणांच्या यादीत आहेत. ऑक्सोनियानम या संकराचे ‘क्लॅरिज ड्रूस’ हे वाण बागेत तेवढेच धिटाईने फिरते, म्हणून त्याची फुले सुकायला लागताच, शेंगा हिरव्या असतानाच, झुडूप जमिनीलगत कापून काढतात.