गोळ्या सोडल्या, तांबी बसवली आणि पाळी दुखायला लागली: यामागची पार्श्वभूमी

गर्भनिरोधक गोळ्या बंद करून तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर टी) बसवली आणि दुसऱ्या तिसऱ्या पाळीला ओटीपोटात, कमरेत, मांड्यांत अशा कळा यायला लागल्या की ऐरोलीहून ठाण्याला उभ्याने येणंसुद्धा नको झालं, ही तक्रार आपल्याकडे इतक्या बायका करतात आणि तरी प्रत्येकीला वाटतं की हे आपल्यालाच होतंय. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, होईल सवय, अंगावर काढा थोडे दिवस. मला या उत्तराचा राग येतो, कारण दुखण्यामागे काय घडतं ते विज्ञानाला बरंच कळलेलं आहे आणि ही "सवय" कुठून आली त्यालाही मोठा इतिहास आहे.

आपल्याकडची सुरुवात र. धों. कर्व्यांपासून. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली, १९२७ पासून १९५३ पर्यंत म्हणजे मरेपर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले, १९३४ च्या खटल्यात तर त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. पण त्या काळातली मुख्य साधनं रबराची होती, निरोध किंवा बायकांसाठी आत बसवायची टोपी, ती पाळीच्या चक्राला हात लावत नव्हती. त्यामुळे साधन बदललं आणि पाळीचं दुखणं बदललं हा प्रश्नच तेव्हा फारसा नव्हता. तो आला साठच्या दशकात, गोळी आणि गर्भाशयात बसवायचा लूप आल्यावर.

लूपची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ चा, जगातला पहिला, पण जोर आला १९६५ मध्ये लिपीज लूप आणल्यावर. नुसतं प्लास्टिक, वाकडंतिकडं वळलेलं, त्यात तांबं नाही, आकाराने मोठं. स्वस्त, एकदा बसवलं की बाईने रोज काही लक्षात ठेवायला नको, म्हणून सरकारला ते फार आवडलं. टार्गेट ठरली, शिबिरं झाली, किती बसवले याचा हिशोब वर जायचा. पण बसवल्यावर रक्तस्राव वाढणार, पोटात दुखणार हे आधी नीट सांगणं आणि नंतर बोलावून तपासणं, हे त्या धडाक्यात मागे पडलं. मग बायका घाबरल्या, अफवा पसरल्या, बऱ्याच जणींनी लूप काढून टाकले आणि दोन तीन वर्षांत त्याचं नाव खराब झालं. त्या बायका भित्र्या होत्या असं मला अजिबात वाटत नाही, त्यांना खरंच त्रास होत होता आणि तो कोणी ऐकत नव्हतं. वागळे इस्टेट उभी राहत होती ते हेच दशक, त्यावेळी लग्न होऊन ठाण्यात आलेल्या आज्या अजून कोणी तांबी बसवतेय म्हटलं की आधी कपाळाला आठी घालतात, त्याचं मूळ इथे आहे.

तांबं आलं ते थोडं नंतर. टॅटम नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गर्भाशयाच्या पोकळीत मावेल असा टी आकार काढला, चिलीच्या झिपर यांनी तांब्याचा परिणाम दाखवला, आणि साठचं दशक संपता संपता दोन्ही एकत्र आलं. लूपपेक्षा लहान आणि जास्त खात्रीचं. आपल्या सरकारी कार्यक्रमात आधी कॉपर टी २००, मग २००२ पासून ३८० ए, जी दहा वर्षं चालते, आणि पुढे पाच वर्षांची ३७५. तांबं शुक्राणूंना निकामी करतं, पण त्याच्यामुळे गर्भाशयाच्या अस्तरात हलकी सूज राहते, म्हणून पाळीला अंगावर जास्त जातं आणि कळा वाढतात. पहिले तीन ते सहा महिने हे जास्त, मग पुष्कळ जणींचं कमी होतं. म्हणजे "सवय होईल" यात तथ्य आहे, पण त्या सहा महिन्यांत बाईने काय करायचं ते कोणी सांगत नाही, अडचण तिथे आहे.

आता गोळीची बाजू. अमेरिकेत पहिल्या गोळीला १९५७ मध्ये परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी, गर्भनिरोधक म्हणून मंजुरी १९६० ची. म्हणजे गोळी पाळीचं औषध म्हणूनच आधी बाजारात आली. ती बीज बाहेर पडू देत नाही, अस्तर पातळ ठेवते, म्हणून स्राव कमी आणि दुखणंही कमी. माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात २१ गोळ्या हॉर्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात, त्या सात दिवसांत जे जातं ती खरी पाळी नाहीच, हॉर्मोन थांबल्यामुळे होणारा स्राव आहे. कॉलेजपासून किंवा लग्नापासून कित्येक वर्षं गोळ्या घेतलेल्या बाईला आपली मूळची पाळी कशी होती ते आठवतही नसतं, गोळ्या सोडल्या की ती परत येते आणि त्याच महिन्यात तांबी बसवली असेल तर जुनं दुखणं आणि नवीन दुखणं एकत्र अंगावर येतं. दोष एकट्या तांबीला दिला जातो.

मुळात कळा का येतात हेच जगाला उशिरा कळलं. बराच काळ डॉक्टरसुद्धा म्हणायचे की मनाचे खेळ आहेत, लग्न झाल्यावर जाईल, बाळंतपण झाल्यावर जाईल (हे वाक्य आपल्या घरात अजून ऐकू येतं). १९५७ मध्ये पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ असल्याचं दाखवलं, पुढे तो प्रोस्टाग्लॅंडिन गटातला निघाला. अस्तर सुटताना हे जास्त बनलं की गर्भाशय जोरात आवळतं, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी पडतो आणि कळ येते, जुलाब मळमळही त्यातलीच. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं हेच बनणं थांबवतात हे दाखवलं, १९८२ चं नोबेल या कामालाच मिळालं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही दुखण्यावरची औषधं सगळी याच कुळातली.

यातूनच एक साधी गोष्ट निघते जी मेडिकलवाला सांगत नाही. ही दुखण्याची गोळी प्रोस्टाग्लॅंडिन बनायच्या आधी किंवा बनायला लागतानाच उपयोगी, म्हणून दुखणं असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा पाळी येतेय असं वाटताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरने सांगितलेल्या डोसने पहिले दोन दिवस नेमाने घेतली तर जास्त फरक पडतो. तांबीमुळे वाढलेला स्रावही थोडा कमी होतो. अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल तर विचारल्याशिवाय नको. २०२३ च्या शेवटी औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल इशाराही दिला होता, क्वचित होणारी पण गंभीर अ‍ॅलर्जी, ताप, अंगावर पुरळ, तेव्हा पर्समध्ये मेफ्तालची (म्हणजे याच औषधाची) पट्टी ठेवून दर महिन्याला मनाने खाणं बरं नाही. शेकाची पिशवी मात्र जुनीच आणि कामाची, ऑफिसात ती जमत नाही म्हणून चिकटवायचे हीट पॅच मिळतात.

दुसरी बाजू एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढण्याच्या आजाराची. हे नाव सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात रूढ केलं, तरी आजही निदान व्हायला वर्षं जातात. गोळ्यांनी हे दुखणं झाकलं जातं, गोळ्या थांबल्या की उघडं पडतं. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे ते नाहीच असं होत नाही. दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला दुखणं असेल तर डॉक्टरकडे हे नाव आपण स्वतः काढावं.

पर्यायही आता बरेच आहेत. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हॉर्मोन नसलेली सहेली ही गर्भनिरोधक गोळी १९९१ मध्ये आली, २०१६ पासून तीच सरकारी दवाखान्यात छाया म्हणून मोफत मिळते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, तिने पाळी लांबते आणि स्राव कमी होतो. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. आणि हॉर्मोनवाली तांबी, जी कळा आणि स्राव दोन्ही कमी करते पण महाग पडते, म्हणून ज्यांची पाळी मुळातच दुखते त्यांना ती परवडेलच असं नाही, हे मला फार खटकतं.

टार्गेटची पद्धत सरकारने १९९६ मध्ये कागदावर तरी सोडली. त्यामुळे बसवण्याआधी "माझी पाळी गोळ्यांआधी खूप दुखायची" हे सांगणं आणि सहा महिन्यांनीही सहन होत नसेल तर काढून मागणं हा आपला हक्क आहे, ठाणे असो की नवी मुंबई, महापालिकेच्या दवाखान्यातही. एवढंच की काढायच्या आधीच दुसरं साधन सुरू करायचं. आणि ताप, घाण वासाचा स्राव, तांबीचा दोरा हाताला न लागणं किंवा अचानक लांब लागणं, पाळी चुकणं, एका बाजूला तीव्र दुखून चक्कर येणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या पाळीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं.