न्यू जर्सीचा प्लेअर, पुण्याची वीज

आवाज फार मोठा झाला नाही. लवंगी फुटावी तेवढाच. मागोमाग डीव्हीडी प्लेअरच्या जाळीतून पांढरट वाफ निघाली आणि खोलीभर कुजक्या माशासारखा वास पसरला. ताई आणि भावजी बारा वर्षांनी न्यू जर्सीहून कायमचे पुण्याला परतले, त्याच्या तिसऱ्या दिवसाची ही गोष्ट. सामानातला पहिला खोका फोडला तो टीव्हीखालच्या कपाटाचा, कारण भाचीच्या अरंगेत्रमची, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाची, डीव्हीडी आईला दाखवायची होती. प्लगच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये जाईनात म्हणून भावजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅडॉप्टर आणला, लावला आणि बटण दाबलं.

नंतर प्लेअर उलटा करून पाहिला. मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १२ वॅट. आपल्या भिंतीत येते ती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेजला तो हातही लावत नाही. ही एवढी गोष्ट सामान बांधतानाच प्रत्येकाला कोणीतरी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तपकीर गल्लीतल्या एका मेकॅनिककाकांनी प्लेअर माझ्यासमोर उघडला. आत डाव्या कोपऱ्यात पॉवर सप्लायची छोटी हिरवी पट्टी, आणि तिच्यावर अंगठ्याच्या पेराएवढा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. त्याच्या डोक्यावर कारखान्यातच फुलीसारख्या चिरा पाडलेल्या असतात. त्या चिरा उमलून वर आल्या होत्या आणि खालून तपकिरी लगदा डोकावत होता. काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्याच्या अंगावरचा आकडा दाखवला: २०० व्होल्ट.

सगळं उत्तर त्या आकड्यात आहे. आपण २३० व्होल्ट म्हणतो ते एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, विजेचं एक प्रकारचं परिणामकारक मूल्य असतं. प्रत्यक्षात विजेची लाट सेकंदाला ५० वेळा वरखाली होते आणि प्रत्येक वेळी तिचं टोक त्या आकड्याच्या सुमारे १.४१ पट उंच जातं. अमेरिकेतल्या १२० व्होल्टचं टोक येतं १७० व्होल्टच्या आसपास, आपल्या २३० व्होल्टचं ३२५ व्होल्टच्या आसपास. प्लेअरमध्ये शिरलेल्या विजेचं आधी डायोडच्या साहाय्याने डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होतं आणि ते या कपॅसिटरमध्ये साठतं, तेही लाटेच्या टोकापर्यंत. १७० व्होल्टसाठी २०० व्होल्टचा कपॅसिटर ठीक आहे. त्याच्यावर ३२५ आले की तो टिकत नाही. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय तलम थर असतो. तोच विजेला अडवून धरतो, आणि किती व्होल्ट सोसायचे त्या हिशोबानेच त्याची जाडी ठरवलेली असते. मर्यादा ओलांडली की थरातून वीज पाझरू लागते, आतला द्रव तापतो, वायू होतो. डोक्यावरच्या चिरा याच वेळेसाठी असतात. कपॅसिटरने बॉम्बसारखं न फुटता तिथून मोकळं व्हावं म्हणून.

मग भावजींचा लॅपटॉप त्याच सॉकेटवर, तसल्याच अ‍ॅडॉप्टरने, निवांत कसा चालत होता? त्याच्या चार्जरवर लिहिलं होतं १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. त्यात कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो आणि पुढचा इलेक्ट्रॉनिक स्विच तेवढ्या ताणाचा. हा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत वीज छोट्याशा ट्रान्सफॉर्मरला देतो. व्होल्टेज जास्त असेल तर तो प्रत्येक वेळी कमी काळ वीज सोडतो, कमी असेल तर जास्त काळ, आणि बाहेर हवे तेवढेच व्होल्ट मिळत राहतात. अनेक डीव्हीडी प्लेअरही असेच बनवलेले असतात. सगळे नसतात, म्हणून मागचा पत्रा वाचायचा.

मी काकांना विचारलं, नुसता ४०० व्होल्टचा कपॅसिटर टाकून भागणार नाही का? ते नाही म्हणाले. पुढचा स्विच आणि लाट चढली तर आवरणारा भागही १२० च्या हिशोबाचे, आज नाहीतर उद्या तेही जातील. त्यांनी फ्यूज आणि कपॅसिटर मूळ मापाचेच बसवले आणि स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारा, ट्रान्सफॉर्मर घ्यायला सांगितलं. १२ वॅटच्या यंत्राला ५० किंवा १०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॅटसारखंच माप) ट्रान्सफॉर्मर पुष्कळ झाला. मात्र तो तांब्याच्या वेटोळ्यांचा, हातात जड लागणारा हवा. प्रवासी लोक इस्त्री किंवा हेअर ड्रायरसाठी वापरतात ते हलके कन्व्हर्टर लाटेचा काही भाग नुसता कापून टाकतात. त्याने परिणामकारक मूल्य खाली येतं, पण टोक जवळपास तेवढंच उंच राहतं, आणि कपॅसिटर तर टोकापर्यंत भरतो हे आपण पाहिलंच.

५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाची भीती मात्र इथे बाळगू नये. मेन्सच्या ठोक्यावर चालणारं जुनं घड्याळ आपल्याकडे मागे पडेल, जुन्या रेकॉर्ड प्लेअरवरचं गाणं रेंगाळेल. डीव्हीडी प्लेअर आत शिरल्या शिरल्या विजेचं डीसी करून टाकतो आणि वेळ मोजतो ती स्वतःच्या क्वार्ट्झ स्फटिकावर, सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोक्यांच्या तालात.

प्लेअर सुरू झाला. आता चित्राचा प्रश्न.

टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात चित्राचा वेग त्या त्या देशातल्या विजेच्या वारंवारतेशी जुळवून घेत, नाहीतर मेन्सच्या गुणगुणीने पडद्यावर काळसर पट्टे सरकत राहत. म्हणून अमेरिकेत सेकंदाला ६० अर्धचित्रं (एकाआड एक रेषांची, दोन मिळून एक पूर्ण चित्र) आणि ५२५ रेषा, तर युरोपात ५० अर्धचित्रं आणि ६२५ रेषा. पुढे रंग आले. अमेरिकेने डिसेंबर १९५३ मध्ये एनटीएससी पद्धत स्वीकारली. तिच्यात रंगाची छटा संदेशाच्या कलेवर, म्हणजे फेजवर (लाट कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर) अवलंबून असते, त्यामुळे वाटेत कला जराशी सरकली तरी माणसांचे चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसू लागत. जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर जो उपाय काढला तो मला आजही फार देखणा वाटतो. रंगाच्या दोन घटकांपैकी एकाची कला त्यांनी दर रेषेला उलटी केली. एका रेषेत छटा हिरव्याकडे झुकली तर पुढच्या रेषेत तेवढीच विरुद्ध बाजूला झुकते, आणि दोन रेषांची सरासरी घेतली की चूक फिटते. हीच पाल पद्धत. भारताने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत करताना हीच निवडली.

त्याच १९८२ साली डिजिटल व्हिडिओचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. तेव्हा अभियंत्यांपुढे प्रश्न होता की चित्राचे नमुने, म्हणजे रेषेवर ठिकठिकाणी मोजलेले आकडे, कोणत्या वेगाने घ्यायचे, म्हणजे दोन्ही जगांना एकच यंत्रणा चालेल. त्यांनी १३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने, निवडले. हा आकडा ६२५ रेषांच्या पद्धतीत प्रत्येक रेषेला बरोबर ८६४ नमुने देतो आणि ५२५ रेषांच्या पद्धतीत बरोबर ८५८. उरलं सुरलं काही नाही. प्लेअरमधला २७ मेगाहर्ट्झचा स्फटिक याच आकड्याची दुप्पट आहे.

डीव्हीडीवर साठवलेलं चित्र या अर्थाने ना पाल असतं ना एनटीएससी. तिथे असतात नुसते आकडे. अमेरिकी डीव्हीडीवर ७२० बाय ४८० ठिपक्यांची चित्रं, ढोबळमानाने सेकंदाला ३०. आपल्या किंवा युरोपच्या डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ ची, सेकंदाला २५. गुणाकार करून पाहा: ४८० गुणिले ३० म्हणजे १४,४००, आणि ५७६ गुणिले २५ म्हणजेही १४,४००. प्लेअरच्या चिपला दोन्हीकडे काम सारखंच. म्हणून बहुतेक चिप दोन्ही प्रकार उलगडू शकत, आणि आपल्याकडे विकले जाणारे प्लेअर ते करतही. अमेरिकेत विकले जाणारे बरेच प्लेअर मात्र पालची तबकडी नाकारत, कारण तिथल्या घरोघरच्या टीव्हींना पाल कळतच नव्हतं. आपल्याकडे परिस्थिती उलटी होती. नव्वदच्या दशकानंतरच्या बऱ्याच रंगीत टीव्हींना दोन्ही पद्धती चालत. ताईच्या प्लेअरमधून निघालेलं एनटीएससी चित्र आईच्या टीव्हीवर पहिल्या फटक्यात नीट दिसलं ते यामुळेच. फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीवर ते काळंपांढरं दिसलं असतं, किंवा गडगडत राहिलं असतं.

गाण्याचा कान असलेल्या वाचकांसाठी एक आडवाटेची गोष्ट. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. पाल डीव्हीडी करताना ती सहसा सरळ २५ च्या वेगाने पळवत. दोन तासांचा सिनेमा त्यामुळे ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि आवाज मुद्दाम दुरुस्त केला नाही तर गाणं हार्मोनियमच्या एका पट्टीच्या सुमारे सत्तर टक्के वर चढतं. एनटीएससीमध्ये काही चित्रं जास्त वेळ दाखवून २४ चे ३० करतात. तिथे सूर जागेवर राहतो, पण कॅमेरा संथपणे फिरत असेल तर किंचित अडखळ जाणवते.

विजेचा फरक काय किंवा रेषांचा फरक काय, त्यांच्यामागे खरी तारा-यंत्रं आणि खरा इतिहास आहे. कोणती डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी ते ठरवणाऱ्या रीजन कोडमागे तसं काहीच नाही.

डीव्हीडीचे नियम ठरवताना जगाचे सहा भाग पाडले. अमेरिका-कॅनडा १, पश्चिम युरोप आणि जपान २, आग्नेय आशिया ३, लॅटिन अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया ४, भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग ५, चीन ६. सातवा राखून ठेवला, आठवा विमानं आणि जहाजांसाठी. सिनेमाच्या तबकडीवर एका ठिकाणी आठ बिट लिहिलेले असतात, प्रत्येक भागासाठी एक. बिट १ असेल तर त्या भागात मनाई, ० असेल तर परवानगी. फक्त भारताच्या भागासाठी काढलेल्या तबकडीवर १११०११११ असं असतं. उजवीकडून पाचवं शून्य आपलं. प्लेअरच्या स्मृतीत त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. तो या आठ बिटांशी ताडून पाहतो आणि जुळलं नाही तर पडद्यावर नकार दाखवतो. लेझरला तबकडी व्यवस्थित वाचता आलेली असते, चित्र उलगडता येत असतं, तरीही.

हे का केलं? तेव्हा सिनेमा आधी अमेरिकेत लागायचा आणि कित्येक महिन्यांनी इतर देशांत पोचायचा. तिथली डीव्हीडी इथल्या थिएटरच्या आधी येऊ नये आणि वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे भाव ठेवता यावेत, असा निर्माता कंपन्यांचा हिशोब होता. त्यांची अडचण मला समजते. पण दुकानात पूर्ण पैसे मोजून घेतलेली तबकडी घर बदललं म्हणून मुकी व्हावी, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. मार्च २००९ मध्ये बराक ओबामांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांना २५ अमेरिकी चित्रपटांच्या डीव्हीडी भेट दिल्या, आणि त्या तिथल्या प्लेअरवर चालणार नाहीत अशा १ क्रमांकाच्या असल्याच्या बातम्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत आल्या.

रीजन आणि चित्राची पद्धत यांची गल्लत मात्र करू नये. जपान आणि ब्रिटन दोघेही २ मध्ये, पण जपान एनटीएससीचा आणि ब्रिटन पालचा. परदेशी विकल्या जाणाऱ्या अनेक हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी एनटीएससी असूनही सगळ्या भागांना खुल्या असत. भावजींच्या कपाटातल्या त्या साऱ्या दोन्हीकडे चालल्या.

संगणकाच्या ड्राइव्हबाबत एक सावधगिरी सांगतो. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, त्यानंतर शेवटचा क्रमांक कायमचा बसतो. परदेशातून आणलेल्या आणि इथे घेतलेल्या तबकड्या आलटून पालटून लावताना संगणक रीजन बदलू का विचारतो, तेव्हा सहज हो म्हणू नये. एक ड्राइव्ह १ वर आणि दुसरा ५ वर ठेवणं बरं.

घरी लिहिलेल्या तबकडीला रीजन नसतो. अरंगेत्रमची डीव्हीडी तशीच होती. तिची काळजी वेगळी आहे. दुकानातल्या सिनेमाच्या डीव्हीडीत खाचा साच्यातून ठोकलेल्या असतात. घरी लिहिलेल्या तबकडीत खाचा नसतात, लेझरने सेंद्रिय रंगाच्या थरावर डाग पाडलेले असतात, आणि तो रंग उष्णतेने, उन्हाने, काळाने विटतो. आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर काय तापमान असतं ते वर चढून पाहिलेल्याला ठाऊक आहे. अशा तबकड्या घरात असतील तर या आठवड्यात त्या खाली काढा आणि वाचता येतात तोवर संगणकावर उतरवून ठेवा.

ताईच्या प्लेअरचा जड ट्रान्सफॉर्मर टीव्हीच्या मागे जमिनीवर राहिला. भावजींनी त्याच्यावर जाड मार्करने १२० लिहिलं, त्याच्या सॉकेटमध्ये प्लेअरचा प्लग खोचला आणि निघू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. आईने अरंगेत्रम दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा तिने तिल्लान्याशी थांबवायला सांगितलं, आणि स्थिर झालेल्या त्या चित्रात भाचीच्या पायातले घुंगरू तिने पडद्याजवळ जाऊन नीट पाहिले. ते तिच्याच लहानपणचे होते.