शार्प फ्लँज की पातळ फ्लँज?

वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळशाच्या मालगाड्या पाहत वाढलेले आमच्याकडचे पोट्टे आयटीआय करून वॅगनच्या कामाला लागतात, आणि जुन्या चाकांची छाननी करताना बहुतेक जण एकाच जागी अडतात. चाक रुळावरून उतरू न देणारी आतली कड, म्हणजे फ्लँज, झिजलेली दिसली की सगळ्यांनाच ते 'शार्प' म्हणून टाकतात.

शार्प हा माथ्याचा दोष. नव्या चाकाच्या फ्लँजचा माथा 14.5 मिलिमीटर त्रिज्येचा गोल असतो. ती त्रिज्या 5 च्या खाली गेली की कडेला धार येते. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याची पट्टी जराशी उघडी राहिली, तरी ही धार त्या फटीत शिरते आणि चाकजोडी भलत्याच रुळावर जाते.

पातळपणा अंगाचा. माथ्यापासून 13 मिलिमीटर खाली जाडी मोजायची. मालडब्याच्या चाकाला ती 16 पेक्षा कमी चालत नाही. अशा फ्लँजचा माथा पुष्कळदा छान गोल असतो. वरून अंगठा फिरवून चाक 'ठीक' ठरवणाऱ्याची फसगत होते ती इथेच. गेज, म्हणजे झीज मोजायचं माप, लावल्याशिवाय निर्णय देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

बंडीच्या चाकाची धाव झिजली तर लोहार नवी चढवतो. बॉक्सएन वॅगनचं, म्हणजे कोळशाच्या उघड्या मालडब्याचं, चाक मात्र एकसंध असतं. फ्लँज जाड करायची म्हणजे लेथवर धावपृष्ठच कापायचं, आणि तेवढा व्यास घटतो. नवं चाक 1000 मिलिमीटरचं, 906 ला बाद. त्याची जन्माची शिदोरी या 94 मिलिमीटरची. नुसती धार घालवायला सहसा थोडा काप पुरतो, पातळ फ्लँजला खोल लागतो. शिवाय कापल्यावर एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात 0.5 पेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणून जोडीचं धडधाकट चाकही तेवढंच कापावं लागतं. म्हणून पातळ फ्लँज दिसली की आधी व्यास मोजा. काप घेतल्यावर तो 906 च्या खाली जाणार असेल, तर ते चाक लेथवर चढवण्यात अर्थ नाही, मोडीतच काढायचं.

अ‍ॅक्सलचा हिशेब वेगळा. चाकं दाबयंत्रावर उतरवतात, आणि अल्ट्रासोनिक तपासणीत तडा सापडला नाही तर त्याच अ‍ॅक्सलवर नवी चाकं बसतात. मोडीची खूण चाकावर करा, अ‍ॅक्सलवर नको.