योनीमार्गाच्या प्रगत मेलॅनोमावरील इम्युनोथेरपी

रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींच्या कर्करोगाला मेलॅनोमा म्हणतात. तो बहुधा त्वचेवर होतो. पण या पेशी शरीरातील श्लेष्मल अस्तरांतही (आतल्या ओलसर आवरणांतही) असल्याने क्वचित योनीमार्गातही उद्भवतो. गाठ बहुतेक वेळा पुढच्या भिंतीवर, खालच्या एकतृतीयांश भागात असते. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसू लागते तेव्हा ती लक्षात येते आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. काही गाठींना काळेपणा मुळीच नसतो, त्यामुळे बायोप्सीशिवाय निदानाची खात्री होत नाही.

आजार दूरच्या अवयवांत पसरल्यावर केवळ शस्त्रक्रियेने भागत नाही. अशा वेळी प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवरील पीडी-१ आणि सीटीएलए-४ या आवर घालणाऱ्या प्रथिनांना अडवून त्या पेशींना कर्करोगाविरुद्ध मोकळे सोडणारी औषधे शिरेवाटे देतात; हीच इम्युनोथेरपी. या प्रथिनांवरील कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. अमेरिकेत मेलॅनोमासाठी सीटीएलए-४ला अडवणाऱ्या इपिलिमुमॅबला २०११मध्ये, तर पीडी-१ला अडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅबला २०१४मध्ये मान्यता मिळाली.

मात्र त्वचेच्या मेलॅनोमातील यशाचे आकडे इथे जसेच्या तसे लावणे ही रुग्णाची दिशाभूल ठरेल. २०१७च्या एका एकत्रित विश्लेषणात निवोलुमॅबने एकट्याने त्वचेच्या मेलॅनोमाच्या सुमारे ४१ टक्के रुग्णांत गाठी लक्षणीय आक्रसल्या, श्लेष्मल मेलॅनोमात मात्र सुमारे २३ टक्के; इपिलिमुमॅबची जोड दिल्यावर हेच प्रमाण अनुक्रमे ६० आणि ३७ टक्के झाले. त्यातही नाक, तोंड, गुदद्वार आणि जननमार्ग येथील सगळे श्लेष्मल मेलॅनोमा एकत्र मोजलेले आहेत, कारण केवळ योनीमार्गाच्या रुग्णांवर मोठी चाचणी घ्यावी इतकी त्यांची संख्याच नसते. ऊन न लागणाऱ्या या जागी पेशींतील जनुकीय बदल कमी असतात, म्हणून प्रतिकारशक्तीला परके म्हणून ओळखण्याजोगे फारसे काही सापडत नाही, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

जोड उपचारात दर तीन आठवड्यांनी दोन्ही औषधांचे चार डोस देऊन पुढे निवोलुमॅब एकटेच चालू ठेवतात. परिणाम जास्त, तसा त्रासही जास्त: मोकाट सुटलेली प्रतिकारशक्ती आतडे, यकृत, फुप्फुस किंवा थायरॉइडवर उलटते. घरी दिवसातून चार-पाच वेळा पातळ जुलाब होऊ लागले, तर ते बाहेरच्या खाण्याने झाले असे समजून दुकानातून गोळी आणण्याऐवजी लगेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. हा आतड्याचा दाह असू शकतो आणि वेळेत स्टेरॉइड दिल्यास तो बहुधा आटोक्यात येतो.

या गाठींत बीआरएएफ जनुकातील बदल त्वचेच्या मेलॅनोमापेक्षा कमी, तर केआयटी जनुकातील बदल अधिक आढळतात. त्यामुळे जनुकीय तपासणी सुरुवातीलाच करून ठेवणे शहाणपणाचे असते, कारण इम्युनोथेरपी निष्प्रभ ठरल्यास केआयटीतील बदल असलेल्या काही रुग्णांना इमॅटिनिबच्या गोळ्यांचा उपयोग होतो.