‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची घसरण : पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गेमच्या नव्या आवृत्तीची घोषणा केली, तेव्हा ती घडवण्याचे काम कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. ट्रेलरमधील चित्रणावर सडकून टीका झाली, जानेवारी २०२१ चा मुहूर्त आधी मार्चवर व नंतर बेमुदत पुढे ढकलला गेला आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवण्यात आले. या प्रसंगामुळे पुण्याचे नाव मालिकेच्या पडत्या काळाशी जोडले गेले खरे, पण तो काळ त्याआधी किमान दहा वर्षे सुरू झाला होता.

जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी मालिकेतला पहिला गेम, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, तयार केला. आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून त्यांनी राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. तो संगणकच मावळतीला लागलेला असल्याने आरंभी विक्री बेताची राहिली; इतर संगणकांवरील आवृत्त्यांनी गेमला तारले. (आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवून घेतलेल्या आणि फसव्या सवलतींसाठी ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टंकून सुरू केलेल्या प्रती विक्रीच्या हिशेबात अर्थातच कधी आल्या नाहीत.) १९९९ चा त्रिमितीय प्रयत्न फसला. २००३ मध्ये मॉन्ट्रियलच्या चमूने ‘द सँड्स ऑफ टाइम’मध्ये काळ मागे फिरवणाऱ्या खंजिराची कल्पना आणून मालिकेला पुन्हा उभे केले, मात्र पुढच्याच वर्षी तिचा परीकथेचा सूर सोडून रक्तपाताची वाट धरली गेली, जी स्वतः मेकनर यांनाही रुचली नव्हती.

खरा घाव घरातूनच बसला. मालिकेचा पुढचा भाग म्हणून आखलेल्या गेममध्ये राजपुत्राचा अंगरक्षक असलेला मारेकरीच नायक ठरला, आणि त्यातून २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ ही स्वतंत्र मालिका जन्माला आली. भिंतींवर चढण्याची आणि छपरांवरून धावण्याची जी गंमत राजपुत्राची ओळख होती, ती आता अख्ख्या शहरात मोकाट मिळू लागल्यावर ग्राहकाने जुन्या मालिकेसाठी वेगळे पैसे का मोजावेत, या प्रश्नाला कंपनीकडे उत्तर नव्हते. २००८ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ देखणा होता. पण त्यात राजपुत्र मरतच नसे, त्याची सोबतीण दर वेळी त्याला वाचवी, आणि कथेचा शेवट तर पुढे वेगळा विकण्यात आला. २०१० मध्ये चित्रपटाच्या जोडीने आणखी एक गेम आला. त्यानंतर मोठा गेम जानेवारी २०२४ पर्यंत आलाच नाही.

या मधल्या काळात कंपनीचा पैसा आणि माणसे बहुतेक ‘असॅसिन्स क्रीड’ या धाकट्या मालिकेकडे वळली. २०२४ चा ‘द लॉस्ट क्राउन’ कंपनीच्या फ्रान्समधील माँपेलिये येथील स्टुडिओत तयार झाला आणि समीक्षकांनी त्याला उचलून धरले, परंतु चौदा वर्षांत वाढलेल्या खेळाडूंना राजपुत्र ठाऊकच नव्हता. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो चमू अन्य प्रकल्पांवर पांगल्याचे उघड झाले.