बीम टाइमचा अर्ज म्हणजे प्रोजेक्टचा अर्ज नव्हे

"मॅडम, प्रपोजल टाकलं," असं एखादा विद्यार्थी सांगतो तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, "पैशाचं की बीमचं?" नागपुरात फॉस्फरवर, म्हणजे किरणोत्सर्ग झेलून नंतर प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर, काम करणाऱ्यांना दोन्ही लागतात. सॅम्पल इथे तयार होतं, पण त्यावर वेगवान आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) झोताचा, म्हणजे बीमचा, मारा करायला दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरला जावं लागतं. आयनांना वेग देणारं तिथलं १५ यूडी पेलेट्रॉन यंत्र देशभरातल्या विद्यापीठांसाठीच आहे. दोन्ही अर्जांना प्रपोजलच म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रोजेक्टचा अर्ज बहुतेकांच्या ओळखीचा आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसारख्या संस्थेकडे आपण साधारण तीन वर्षांचं काम मांडतो आणि त्यासाठी उपकरण, रसायनं, प्रवास, एक जेआरएफ (प्रकल्पावर काम करणारा पगारी संशोधक) यांचे पैसे मागतो. विषयाचं महत्त्व, आधीचे पेपर, समाजाला उपयोग हे सगळं त्यात सविस्तर लिहायचं असतं. अजून हाती न आलेल्या निकालावर आणि तो शोधणाऱ्या माणसावर विश्वास ठेवा, अशी ती विनंती असते.

बीम टाइमच्या अर्जात मागायची असते ती यंत्राची वेळ. तिथलं चलन रुपया नाही, शिफ्ट आहे आणि एक शिफ्ट आठ तासांची. दिल्लीत अ‍ॅक्सिलरेटर युजर्स कमिटी असते, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या आयसोल्ड केंद्राला आयएनटीसी ही समिती, जर्मनीच्या जीएसआय प्रयोगशाळेला त्यांची सल्लागार समिती. नावं वेगळी असली तरी समितीसमोर दोन प्रश्न कायम असतात. हा प्रयोग याच यंत्रावर का, आणि इतक्याच शिफ्ट का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटाकडून मागे येत काढायचं असतं. समजा बीम १ पार्टिकल नॅनोअँपिअर आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२४ कोटी आयन. टार्गेटचं, म्हणजे बीम ज्यावर आदळतो त्या पदार्थाचं, अणुवस्तुमान १००, जाडी चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम. अभिक्रियेचा क्रॉस-सेक्शन, म्हणजे ती घडण्याच्या शक्यतेचं माप, १ मिलिबार्न धरला, तर सेकंदाला साधारण ३८ अभिक्रिया घडतात. डिटेक्टरने त्यातली शंभरात एक पकडली, तर १०,००० काउंट (नोंदी) जमायला जवळजवळ साडेसात तास जातात. म्हणजे एक शिफ्ट. पण क्रॉस-सेक्शन दहापट कमी असेल तर त्याच आकड्याला नऊ-दहा शिफ्ट लागतील, शिवाय कॅलिब्रेशनची, म्हणजे डिटेक्टर जुळवून घेण्याची, वेळ वेगळी. हा हिशेब अर्जात दिसला नाही, तर विषय कितीही मोलाचा असो, समिती शिफ्ट कशाच्या आधारावर देणार?

फॉस्फरवाल्यांचा हिशेब याहून सोपा. चौरस सेंटिमीटरवर १० लाख कोटी आयन हवे असतील, तर तेवढ्याच बीमला सुमारे २७ मिनिटं पुरतात. म्हणून आमचे अर्ज मोजक्या शिफ्टचे असतात आणि न्यूक्लिअर स्ट्रक्चरवाल्यांचे, म्हणजे अणुकेंद्राची रचना अभ्यासणाऱ्यांचे, लांबलचक. त्यांना जास्त मिळतं म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

इथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे. मीटरवर दिसतो तो विद्युतप्रवाह, त्यातून आयनांची संख्या थेट कळत नाही. चांदीचा आयन ९ प्रभारांचा असेल, तर ९ नॅनोअँपिअर दिसले तरी तो बीम १ पार्टिकल नॅनोअँपिअरचाच. ९ ने भागायला विसरलात तर मात्रा, म्हणजे सॅम्पलवर पडलेल्या आयनांची संख्या, नऊपट चुकते. माझ्या एका विद्यार्थिनीने अर्जात शिफ्ट याच कारणाने फार कमी मागितल्या होत्या. प्रस्तावना मात्र सात पानांची, कर्करोगाच्या उपचारांपासून अवकाशयानापर्यंत सगळं त्यात होतं. प्रोजेक्टच्या अर्जात ती शोभली असती. आम्ही ती दीड पानावर आणली आणि उरलेल्या जागेत सॅम्पलची यादी, ऊर्जा, मात्रा आणि वेळेचा तक्ता घातला.

मंजुरीचा अर्थही दोन्हीकडे सारखा नाही. प्रोजेक्ट मंजूर झाल्यावर पैसे उशिरा आले तरी मुदतवाढ मागता येते. बीम टाइम मंजूर झाला म्हणजे रांगेत जागा मिळाली, तारीख नंतर ठरते. यंत्राची टाकी देखभालीसाठी उघडली तर वाट पाहायची. तारीख आली की रात्रीची शिफ्टसुद्धा आपली, आणि तेव्हा परीक्षा आहे किंवा सॅम्पल अजून भट्टीत आहे ही कारणं चालत नाहीत.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, बीमचा अर्ज लिहायला बसण्याआधी सॅम्पल तयार असू द्या, त्याचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचनेची तपासणी) झालेला असू द्या. आणि प्रोजेक्टच्या अर्जात प्रवासाच्या रकान्यात दिल्लीच्या दोन फेऱ्या आजच लिहून ठेवा. बीम मिळाल्यावर रेल्वेचं तिकीट कशातून काढायचं, हा प्रश्न आयत्या वेळी पडायला नको.