जीवनसत्त्वांच्या अभावाची लक्षणे : ओळख पटण्यास शतके का लागली

हिरड्यांतून रक्त येणे, दिवस मावळला की दिसेनासे होणे, चालू लागलेल्या मुलाचे पाय धनुष्यासारखे बाकणे, या लक्षणांवरून जीवनसत्त्वांच्या अभावाची शंका आज कोणीही घेते. जीवनसत्त्व ही कल्पना मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे आणि ही लक्षणे तिच्या कितीतरी आधी टिपली गेली होती. फ्रान्सिस ग्लिसन यांनी मुडदुसावरचा ग्रंथ १६५० मध्ये प्रसिद्ध केला. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उमटणारे फेसाळ डाग आणि रातांधळेपणा यांचा संबंध पिएर बिटो यांनी १८६३ मध्ये मांडला. जुन्या वैद्यांची नजर तीक्ष्णच होती. शरीरात काही शिरल्यामुळे जसा आजार होतो, तसा काही न मिळाल्यामुळेही होऊ शकतो, हा विचार त्यांच्यापाशी नव्हता, आणि माझ्या मते या इतिहासातील खरी अडचण तीच आहे.

स्कर्व्ही या क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाच्या बाबतीत ती फार स्पष्ट दिसते. जॉर्ज अॅन्सन यांच्या १७४० ते १७४४ या जगप्रदक्षिणेच्या वृत्तान्तात एका खलाशाची हकीकत आहे. पन्नास वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत झालेल्या आणि केव्हाच भरून आलेल्या त्याच्या जखमा स्कर्व्हीत पुन्हा उघडल्या. वाचणाऱ्याला ही अतिशयोक्ती वाटावी. पण जखमेचा व्रण ज्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेला असतो, त्याची झीज आणि भर आयुष्यभर चालूच राहते, आणि क जीवनसत्त्वावाचून नवे कोलॅजेन नीट घडत नाही. हिरड्या भुसभुशीत होणे, केसांच्या मुळांभोवती रक्ताचे बारीक ठिपके उमटणे आणि जुना व्रण उकलणे, ही सारी त्याच एका बिघाडाची रूपे आहेत.

मे १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी सॅलिस्बरी या युद्धनौकेवर सारखीच लक्षणे असलेले बारा रुग्ण निवडले आणि दोघादोघांच्या सहा जोड्यांना वेगवेगळे उपचार दिले. संत्री व लिंबू मिळालेल्या जोडीतील एक जण सहा दिवसांत कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसऱ्याला उरलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेवर नेमण्यात आले. इतके स्वच्छ उत्तर हाती असूनही दमट हवेमुळे घाम कोंडणे हे स्कर्व्हीचे मोठे कारण लिंड मानत राहिले, आणि ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमाने मिळू लागण्यास १७९५ साल उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकात जंतूंचा शोध लागला आणि याबाबतीत वाट आणखी बिकट झाली. जावा बेटावर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा जंतू शोधणाऱ्या क्रिस्तियान आइकमान यांना पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडलेले आढळले. तरीही तांदळातच काही विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असावा, असे त्यांना वाटत होते. कोंड्यात शरीराला आवश्यक असलेला घटकच आहे, असा अर्थ त्यांचे सहकारी खेरिट खेइन्स यांनी १९०१ मध्ये लावला. पुढे १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा घटकांना ‘व्हायटॅमिन’ हे नाव सुचवले.

पेलाग्रा या त्वचेवर चट्टे उठवणाऱ्या रोगाची कथा याहून दुःखद आहे. गळ्याभोवती हारासारखा पसरणारा लालसर, खरबरीत पट्टा स्पेनमधील गास्पार कासाल यांनी १७३५ मध्येच टिपला होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र १९१४ मध्येही हा रोग संसर्गजन्य असावा असेच अनेकांना वाटत होते. अनाथाश्रम आणि मनोरुग्णालये पाहताना जोसेफ गोल्डबर्गर यांच्या लक्षात आले की रोग तेथे राहणाऱ्यांना होतो, त्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. दोघांत फरक होता तो आहाराचा. संसर्गाची शंका मोडून काढण्यासाठी त्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. ज्याच्या अभावामुळे हे सारे घडत होते ते नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व १९३७ मध्ये ओळखले गेले. गोल्डबर्गर त्याआधीच, १९२९ मध्ये, निवर्तले होते.

एकच लक्षण दोन निरनिराळ्या अभावांतून येऊ शकते, हा धडा पंडुरोगाने (रक्तक्षयाने) दिला. मुंबईतील गरोदर स्त्रियांमध्ये आढळणारा, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होणारा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे ल्यूसी विल्स यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल हे ब गटातील जीवनसत्त्व. त्याच गटातील ब-१२ च्या अभावातही रक्ताचे चित्र तसेच दिसते. अशा रुग्णाला नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून पायांना मुंग्या येणे किंवा चालताना तोल जाणे यांची चौकशी रक्ततपासणीइतकीच महत्त्वाची ठरते.

लक्षण किती उशिरा दिसते, हे जॉन क्रँडन या तरुण शल्यचिकित्सकाने १९३९ मध्ये स्वतःवर पाहिले. त्याने क जीवनसत्त्व पूर्ण वर्ज्य केले. सुमारे सहा आठवड्यांत ते त्याच्या रक्तद्रवातून नाहीसे झाले, पण त्वचेवर पहिली खूण उमटण्यास चार महिन्यांहून अधिक काळ गेला. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरून आली होती. सहाव्या महिन्यात केलेली भरली नाही, आणि क जीवनसत्त्व सुरू केल्यावरच ती भरू लागली.